स्पीड वाढवला की स्लरी दगड होते: मोटर बदलण्याआधी एवढं वाचा

प्रश्न वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका युनिटमध्ये प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या तरुण इंजिनिअरचा आहे. थोडक्यात असा: "काका, आमची कॅल्शियम कार्बोनेटची स्लरी (पावडरचं पाण्यातलं दाट मिश्रण) ७२ टक्क्यांची होती तोवर काही त्रास नव्हता. आता ग्राहकाला ७६ टक्के हवी आहे. डिस्पर्सर (ढवळणारं पातं) हळू फिरवला तर माल छान पातळ दिसतो. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) स्पीड वाढवला की एकदम अँपिअर चढतात आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. बंद केलं की माल पुन्हा पातळ. स्क्रू पंपाचंही तेच. शेठ म्हणतात दुप्पट एचपीची मोटर बसवू. बसवावी का?"

नको. मोटर मोठी केलीत तर स्लरी मोकळी होणार नाही, शाफ्ट नाहीतर पंपाचा स्टेटर (स्क्रूभोवतीचं रबरी अस्तर) जाईल. नंदेसरी आणि मकरपुऱ्यात रंग, पिगमेंट, फिलर अशा घट्ट स्लरींबरोबर माझी सगळी नोकरी गेली आणि हा एकच प्रश्न वेगवेगळ्या मालाच्या नावाने माझ्याकडे येत राहिला. त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण उपाय पाठ करून उपयोग नाही. आत काय चाललंय ते कळलं तर पुढच्या वेळी माल वेगळा असला तरी वाट सापडते.

आधी टक्केवारी बघू. आपल्याकडे सगळे हिशोब वजनाने चालतात, पण कणांना वजनाशी देणंघेणं नसतं, त्यांना जागा किती उरली याच्याशी असतं. कॅल्शियम कार्बोनेटची घनता २.७ धरा. ७२ टक्के वजनाच्या स्लरीत घनफळाने कण ४९ टक्के होतात. ७६ टक्क्यांना ५४ टक्के. ७८ टक्क्यांना जवळजवळ ५७. म्हणजे लॉगशीटवर तुम्ही चार टक्के वाढवलेत, पण पाण्याच्या बाजूने बघितलं तर १०० किलो कणांमागचं पाणी ३९ किलोवरून ३१.५ किलोवर आणलंत. हाच ७५ टक्के आकडा टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्लरीला लावला तर घनता ४.२ असल्यामुळे घनफळ जेमतेम ४२ टक्के भरतं. शेजारच्या युनिटवाल्याची ७५ टक्क्यांची स्लरी चालते मग आपली का नाही, हा वाद इथेच मिटतो. पुढे मी जे आकडे देईन ते सगळे घनफळाचे आहेत.

द्रवात कण टाकले की तो दाटतो, याचा पहिला हिशोब १९०६ मध्ये आइन्स्टाइनने मांडला. कण अगदी विरळ असतील तर व्हिस्कॉसिटी (दाटपणा) कणांच्या वाट्याच्या अडीच पटीने वाढते. आपल्या धंद्यात हे सूत्र निरुपयोगी आहे, कारण आपण विरळ कधीच नसतो. घट्ट मालात खरा मालक वेगळा आकडा असतो: कण जास्तीत जास्त किती दाटीने बसले की माल वाहणं पूर्ण थांबतं. १९५९ मध्ये क्रीगर आणि डॉगर्टी यांनी व्हिस्कॉसिटी या मर्यादेशी जोडली. मर्यादेच्या जवळ जाल तशी व्हिस्कॉसिटी सरळ रेषेत वाढत नाही, भडकते.

आणि ही मर्यादा एक नाही. दोन आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या वाक्यात आहे.

एकसारखे गोल कण एकमेकांना न घासता, मधल्या द्रवाच्या पापुद्र्यावरून घसरत असतील तर ते साधारण ६४ टक्क्यांपर्यंत दाटी सहन करून वाहू शकतात. तेच कण एकमेकांना प्रत्यक्ष टेकून घासायला लागले तर ५५ ते ५८ टक्क्यांतच अडकतात, कारण घर्षण असलं की कणाला घसरून वाट काढता येत नाही, थोड्याच टेकूंवर रचना उभी राहते. कण न घासणारे की घासणारे, हे माल ठरवत नाही. त्यावर पडणारा ताण ठरवतो. तुमच्या प्रत्येक कणावर डिस्पर्संटचा (कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाचा) थर आहे, त्याच्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात. ताण कमी असतो तोवर हे ढकलणं पुरतं. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की कण तो थर दाबून एकमेकांना भिडतात. त्या क्षणी स्लरी बदललेली नसते, पाणी कमी झालेलं नसतं, पण ती ६४च्या नियमातून ५७च्या नियमात गेलेली असते.

याचं वजन आकड्यात बघा. साधा हिशोब: व्हिस्कॉसिटी, मर्यादेपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ४९ टक्के कण असतील तर न घासणारा माल पाण्याच्या सुमारे १८ पट दाट, घासणारा सुमारे ५० पट. फरक पावणेतीन पटीचा. मोटरला थोडं जड जातं, कोणाच्या लक्षातही येत नाही. ५४ टक्क्यांना न घासणारा ४१ पट, घासणारा ३६० पट. इथे फरक नऊ पटीचा झाला. ५७ टक्क्यांना न घासणारा माल अजून वाहतोय आणि घासणाऱ्याची व्हिस्कॉसिटी अनंत, म्हणजे दगड. हे आकडे एकसारख्या गोल कणांचे आहेत. तुमचे दळलेले कण वेडेवाकडे आणि लहानमोठे आहेत, त्यामुळे तुमच्या दोन मर्यादा थोड्या इकडेतिकडे असतील. पण चित्र हेच राहील: ७२ टक्क्यांना घर्षण असून नसल्यासारखं होतं, ७६ टक्क्यांना तेच घर्षण ड्राइव्ह ट्रिप करतं.

हे कळायला विज्ञानाला बराच काळ लागला. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये दाखवलं की दाटीने बसलेल्या कणांना सरकायचं तर आधी फुगावं लागतं. वासदजवळ महीच्या ओल्या वाळूत पाय ठेवलात तर पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ते हेच: कणांमधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. १९७२ मध्ये हॉफमन यांनी प्लॅस्टिकच्या बारीक कणांच्या घट्ट मालात व्हिस्कॉसिटी एका ठरावीक वेगाला एकदम उडी मारते हे मोजलं आणि थराथराने सरकणारे कण विस्कटतात म्हणून असं होतं, असं म्हटलं. १९८५ पासून ब्रेडी आणि बॉसी यांच्या गणनांनी दुसरं उत्तर दिलं: कणांमधल्या द्रवाच्या पातळ पापुद्र्यामुळे कणांचे क्षणिक झुबके बनतात आणि माल दाटतो. ते चूक नाही, सौम्य दाटण्याचा एक भाग त्याने समजतो. पण शंभरपट उडी त्यातून निघत नव्हती. २०१३ मध्ये सेतो, मारी, मॉरिस आणि डेन यांनी गणनेत कणांना घर्षण दिलं आणि ती उडी मिळाली. पुढच्याच वर्षी व्यार्त आणि केट्स यांनी वर सांगितलेल्या दोन मर्यादांचं सोपं गणित मांडलं. माझं मत स्पष्ट आहे: कारखान्यात अडकणाऱ्या मालासाठी घर्षणाचं हे उत्तर सगळ्यात कामाचं आहे, कारण कुठल्या कळा फिरवायच्या ते त्यातून थेट कळतं.

हे हाताने बघायचं असेल तर घरी कॉर्नफ्लोअर घ्या. १०० ग्रॅमला ८० ते ८५ ग्रॅम पाणी, खोल बशीत, हळू कालवा. मैदा किंवा कणीक चालणार नाही. त्यात ग्लुटेन आहे, कण चिकटतात आणि नुसता गोळा होतो. कॉर्नफ्लोअरचे दाणे १० ते १५ मायक्रॉनचे असतात आणि एकमेकांना फारसे चिकटत नाहीत. चमचा हळू फिरवला तर दुधासारखं. आता चमचा झटकन ओढा आणि चमच्याकडे नाही, त्याच्या पुढच्या पृष्ठभागाकडे बघा. ओली चकाकी एकदम जाते, तिथे खडूसारखा कोरडा डाग दिसतो, जोर केलात तर भेगही पडते. थांबलात की दोनतीन सेकंदांत चकाकी परत येते आणि भेग मिटून जाते. ती चकाकी गेली याचा अर्थ कण फुगून वर आले, पाण्याच्या पृष्ठभागातून टोकं काढू लागले आणि पाणी आत ओढलं गेलं. तुमच्या टाकीत डिस्पर्सरच्या भोवऱ्याच्या कडेला असाच मळकट पट्टा दिसतो का, ते उद्या टॉर्च मारून बघा. अँपिअर चढायच्या आधी तो दिसतो. माझ्यासाठी हा मीटरपेक्षा भरवशाचा इशारा आहे.

या पृष्ठभागावर थोडं थांबतो, कारण मोटरच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. उघड्या टाकीत कणांना फुगायला वरची बाजू मोकळी असते. त्यांना आत दाबून ठेवणारी ताकद म्हणजे फक्त पाण्याचा पृष्ठताण. तो हरला की कण बाहेर येतात, भेग पडते आणि ताण त्याहून वर जात नाही. म्हणून डिस्पर्सरमध्ये माल अडकला तरी सहसा नुसता ट्रिप होतो. स्क्रू पंपात किंवा भरलेल्या पाइपात मोकळी बाजूच नाही. कणांना फुगायला जागा नाही, त्यामुळे ते भिंतींना ढकलतात आणि ताण तिथपर्यंत चढतो जिथे काहीतरी तुटतं: स्टेटरचं रबर, कपलिंग, पिन. त्यात मोटर दुप्पट केलीत तर तुम्ही कणांना आणखी जोरात भिडवता. जास्त कण भिडले की मर्यादा आणखी खाली येते, माल आणखी घट्ट होतो. घट्ट मालात अशी अवस्था येते की जोर वाढवला तर वेग कमी होतो. सध्याच्या मोटरचं ट्रिप होणं हे तुमच्या पंपाचं संरक्षण आहे, ते काढू नका.

आता काय करायचं. सगळ्यात आधी खात्री करा की आजार हाच आहे. थांबवल्यावर माल लगेच पातळ होतो, असं तुम्ही लिहिलंत, ते चांगलं लक्षण आहे. थांबवल्यावरही गुठळ्या राहत असतील तर ते कणांचं गठ्ठे होणं आहे, तो वेगळा विषय. थांबवल्यावर घट्ट आणि ढवळल्यावर पातळ होत असेल तर डिस्पर्संट कमी पडतोय. आणखी एक चाचणी आहे, मला ती फार आवडते: अडकायला लागला की मोटर थांबवून अगदी सावकाश उलटी फिरवा. भिडलेले कण एका दिशेच्या दाबाने भिडलेले असतात, दिशा उलटली की ते सुटतात. गडाला-मारिया आणि अक्रिव्होस यांनी १९८० मध्ये हे मोजलं होतं: दिशा बदलल्याबरोबर व्हिस्कॉसिटी खाली पडते, मग थोडं फिरल्यावर पुन्हा चढते. तुमच्या मिक्सरमध्ये असं झालं तर शंका उरत नाही. उलट फिरवण्याआधी पातं नटने बसवलेलं असेल तर नट सुटणार नाही ना ते बघा.

ब्रुकफील्डचा (दाटपणा मोजणाऱ्या नेहमीच्या मीटरचा) आकडा मात्र इथे दिशाभूल करतो. तो स्पिंडल सावकाश फिरतो, ताण कमी असतो, कण भिडतच नाहीत. त्याच मालाला डिस्पर्सरच्या पात्यापाशी काय सोसावं लागतं बघा: २०० मि.मी. व्यासाचं पातं १४४० आरपीएमने फिरलं तर टोकाचा वेग सेकंदाला १५ मीटर. क्यूसी (गुणवत्ता तपासणी) रिपोर्टवर व्हिस्कॉसिटी ओके आणि प्लांटमध्ये ट्रिप, याचं कारण क्यूसीवाला चुकला असं नाही. दोघं वेगवेगळ्या अवस्थेतला माल मोजतायत. रोटेशनल ऱ्हिओमीटरवर (ताण बदलत दाटपणा मोजणाऱ्या यंत्रावर) ताण हळूहळू वाढवत नेलेला एक ग्राफ काढून घ्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, आपण अजून कलाभवनच म्हणतो तिथे, चौकशी करून बघा. १८९० पासून रंगाचं आणि रसायनाचं शिक्षण देणारी जागा आहे, योग्य माणसापर्यंत पोचवतील. ग्राफवर बघायचं एकच: व्हिस्कॉसिटी कितव्या पास्कलला (पास्कल हे ताणाचं माप) चढायला लागते. वेग विचारू नका, ताण विचारा. वेग तापमानाबरोबर बदलतो, हा ताण फारसा बदलत नाही.

तापमानाचं निघालंच आहे तर सांगतो. पाण्याची व्हिस्कॉसिटी १२ अंशांना जवळपास १.२ सेंटिपॉइज असते आणि ४० अंशांना ०.६५. भिडायचा ताण तोच राहतो, पण थंड पाण्यात तो ताण जवळजवळ निम्म्या वेगालाच गाठला जातो. जानेवारीत सकाळच्या पाळीला माल अडकतो आणि दुपारी तोच माल चालतो, त्यामागे हे आहे. ऑपरेटरला उगाच बोलू नका. उलट मे महिन्यात उघड्या टाकीतून पाणी उडून माल स्वतःहून दाटतो, तेव्हा झाकण ठेवा आणि ओव्हनमध्ये सॉलिड (कणांचं प्रमाण) तपासूनच पाणी घाला.

उपायांत पहिला मान डिस्पर्संटचा. कार्बोनेटला बहुधा सोडियम पॉलिअॅक्रिलेट वापरता. त्याचा डोस अंदाजे नको. डोस बदलत पाच-सहा छोट्या बॅच करून प्रत्येकीचा तो चढायचा ताण मोजा. इथे एक गोष्ट लोकांना फसवते. डोस कमी असतो तेव्हा कण एकमेकांना चिकटून माल आधीच दह्यासारखा बसलेला असतो, आणि त्या घट्टपणाखाली ही उडी झाकून जाते. डोस वाढवला की माल छान पातळ होतो आणि पहिल्यांदाच वेगात अडकायला लागतो. मग लोक म्हणतात डिस्पर्संटमुळे बिघडलं आणि डोस परत कमी करतात. ते करू नका, त्याच दिशेने आणखी पुढे जा. थर दाट आणि मजबूत झाला की भिडायचा ताण वर सरकतो. फक्त अतिरेक झाला तर जास्तीचा डिस्पर्संट पाण्यात राहून उलट काम करतो, म्हणून मोजत मोजत जायचं. सिमेंटमध्ये पॉलिकार्बॉक्सिलेट घालतात तेही मुळात कण एकमेकांपासून सुटे ठेवायलाच.

दुसरी कळ कणांच्या आकाराची, आणि मला वाटतं तुमच्याकडे खरा नफा इथे आहे. कण दुप्पट जाड झाले तर भिडायचा ताण साधारण चौथाईवर येतो. जाड वाळूसारखा माल म्हणूनच नेहमीच्या ताणात कायम घासणाऱ्या अवस्थेत असतो, आणि अगदी बारीक, मायक्रॉनच्याही खालचे कण सहसा तिथे पोचतच नाहीत. मधले काही मायक्रॉनचे कण आपल्या रोजच्या यंत्रांच्या ताणात अवस्था बदलतात, आणि तुमचा माल नेमका त्यात बसतो. म्हणून ग्राइंडिंगनंतर जे जाड कण मागे राहतात ते चाळणीने किंवा दळून कमी करा. शिवाय सगळे कण एकाच मापाचे असण्यापेक्षा जाड कणांच्या फटींत बारीक कण बसले तर दोन्ही मर्यादा वर जातात, आणि तेच ७६ टक्के मर्यादेपासून लांब पडतात. ग्राहकाचं स्पेसिफिकेशन सांभाळून बारीक ग्रेड थोडी मिसळून बघा. चायना क्ले मिसळत असाल तर सावध राहा. त्याचे कण पत्र्यासारखे चपटे असतात आणि फार कमी दाटीला अडकतात.

तिसरी, यंत्राची बाजू. पंप हळू आणि मोठ्या मापाचा घ्या. त्याच फ्लोला ताण कमी पडतो. पाइप एकदम अरुंद होतो अशी जागा ठेवू नका, तिथे पाणी पुढे निघून जातं आणि कण मागे साचून बूच बसतं. वरून हॉपरमध्ये माल आपटत सोडू नका. आपटलेल्या जागेखाली काही क्षण घट्ट गोळा तयार होतो आणि तो तळापर्यंत जाऊन भिडतो. तोंडाशी सौम्य कंपन दिलं तर फायदा होतो. २०१६ मध्ये प्रयोगातही दिसलंय की मुख्य प्रवाहाला आडवं बारीक हलवलं की भिडलेले कण सुटतात आणि व्हिस्कॉसिटी खूप खाली येते. पावडर घालताना स्पीड कमी ठेवा, शेवटचा भाग थोडा थोडा सोडा.

पाणी घालणं मी शेवटी ठेवतो, कारण ग्राहक ७६चे पैसे देतोय. पण डोस आणि आकार दोन्ही करूनही जमत नसेल तर ७५वर बोला. ७६चं ७५ केलं की ५४ टक्के घनफळ साडेबावन्नवर येतं, आणि घासणाऱ्या अवस्थेतली व्हिस्कॉसिटी वरच्याच हिशोबाने ३६०वरून सुमारे १६५वर, म्हणजे निम्म्याहून खाली. एका टक्क्याला एवढं बळ आहे, हे ग्राफ समोर ठेवून ग्राहकाला सांगितलं तर तो ऐकतो.

शेठना सांगा, मोटरच्या पैशांतला थोडा भाग डोसच्या चाचण्यांना आणि ऱ्हिओमीटरच्या रिपोर्टला द्या. आणि तोवर पंप अडकला तर ऑपरेटरने लगेच फ्लँज (पाइपाचा जोड) खोलायचा नाही. बंद करायचं, वीज तोडून लॉक लावायचं, प्रेशर गेज शून्यावर येऊ द्यायचा. आतला दगड ताण सुटल्यावर पुन्हा पातळ होतो आणि अडकलेला दाब त्याच वाटेने बाहेर येतो. गेज शून्य झाला, शाफ्ट हाताने थोडा उलटा फिरला, मगच पाना लावायचा.